भिंत पडली की परवानगीही पडते: इंग्लंडमधलं जुनं बार्न घेण्याआधी

काका, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही बघता येईल. मुलगी आणि जावई इंग्लंडात हेरिफर्डशरमध्ये एक जुनं दगडी फार्महाउस घेतायत, अंगणापलीकडे त्याचंच एक दगडी बार्न, म्हणजे शेतावरचं कोठार, आहे, घर ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे ऐतिहासिक म्हणून सरकारच्या संरक्षित यादीत, आहे, बार्नचं छोटं घर करून तुम्ही आणि काकूंनी उन्हाळ्यात चार-पाच महिने तिथे राहायचं असा बेत आहे आणि त्यासाठी तुम्ही इथल्या एफडी मोडणार आहात. बार्नची पूर्वेकडची भिंत बाहेर फुगलीय आणि तिथल्या बिल्डरने सांगितलं की काळजी नको, ती पाडून नवीन बांधू. तर परवानगीला किती वेळ लागतो आणि भिंतीचं काम परवानगी यायच्या आधी उरकून घेतलं तर चालेल का, हे तुम्हाला हवंय.

शेवटच्याचं उत्तर आधी देतो. नाही. अजिबात हात लावू देऊ नका, एक दगडसुद्धा हलवू देऊ नका.

मी पुण्यात स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून काम करतो, त्याआधी बारा वर्षं वुस्टरला होतो, म्हणजे तुमच्या मुलीच्या घरापासून फार लांब नाही, आणि त्या बारा वर्षांत निम्मं काम अशाच जुन्या घरांचं आणि बार्नचं केलं. आपल्याकडची माणसं हा प्रश्न विचारताना नेहमी त्याचे दोन तुकडे करतात, परवानगीचं बघायला वकील आणि भिंतीचं बघायला बिल्डर. तिथे हे दोन वेगळे विषय नाहीतच. बार्नला घर करायची जी परवानगी मिळते ती जे उभं आहे त्याला मिळते. उघड्या शेतात नवीन घर बांधायला तिथे सहसा कोणी परवानगी देत नाही, त्यांचं नियोजनाचं धोरणच तसं आहे, आणि त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे वापरात नसलेली जुनी इमारत पुन्हा वापरात आणणं. त्या भिंती उभ्या आहेत म्हणून तुम्हाला तिथे राहायला मिळणार आहे. त्या पाडल्यात तर राहिलं काय, मोकळं शेत, आणि मोकळ्या शेतात घर मागणारे तुम्ही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. वेल्सच्या सीमेकडे एका गावात एका नवरा-बायकोचं बार्न होतं, लिस्टेड नव्हतं, रीतसर परवानगी आलेली, सगळे कागद जागेवर. मला त्यांनी बोलावलं ते नंतर. झालं असं की आतली उंची कमी पडत होती आणि जमिनीखाली इन्सुलेशनही घालायचं होतं म्हणून त्यांच्या कॉन्ट्रॅक्टरने छोटं डिगर आत घातलं आणि फरशी उचकटून सगळीकडून सरसकट दीड फूट खणलं, अगदी भिंतीला चिकटून. आता या जुन्या बार्नना फाउंडेशन म्हणून काही नसतंच हो. आपल्या वाड्याला निदान जोतं असतं, काळ्या दगडाचं, चांगलं दोन-तीन फूट. तिथे भिंतीचे पहिले मोठे दगड वरची माती काढून थेट जमिनीवर ठेवलेले असतात, काही ठिकाणी जेमतेम वीतभर खोल. म्हणजे याने दीड फूट खणलं तेव्हा भिंत मातीच्या एका कडेवर उभी राहिली. ऑक्टोबर महिना, तीन दिवस पाऊस, आणि रात्री कधीतरी ती कड ओली होऊन आत सरकली. सकाळी बघतात तर लांब बाजूची अर्धी भिंत आत कोसळलेली, छपराचं एक टोक लोंबतंय. कोणाला लागलं नाही एवढंच नशीब.

पण त्यांची खरी रडकथा त्यानंतर सुरू झाली. कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेचा, अधिकारी आला, शांतपणे टेपने मोजलं, फोटो काढले आणि म्हणाला की तुमची परवानगी कन्व्हर्जनची, म्हणजे उभ्या इमारतीचं घर करायची, होती, आता जे बांधाल ते नवीन बांधकाम होईल, त्यासाठी नवीन अर्ज करा. नवीन अर्ज पहिल्यांदा नामंजूर झाला. दीड वर्ष ती दोघं आणि त्यांची लहान मुलगी शेतात कॅरव्हॅनमध्ये राहिली, शेवटी तेच दगड वापरून तसंच्या तसं उभं करायच्या अटीवर परवानगी मिळाली. मी तिथे गेलो तेव्हा त्या बाईने मला विचारलं होतं की दगड तेच, जागा तीच, मग नवीन कसं काय? तिला द्यायला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. कायदा असा आहे एवढंच सांगू शकलो.

कोर्टातही हेच झालंय. २०१६ साली हिबिट नावाचा खटला इंग्लंडच्या हायकोर्टात गाजला. तीन बाजूंनी जवळजवळ उघडा असा लोखंडी सांगाड्याचा शेड होता, मालकाचं म्हणणं होतं की आम्ही त्याला भिंती घालून घर करतोय म्हणजे कन्व्हर्जनच आहे. कोर्टाने सांगितलं की कन्व्हर्जन आणि रीबिल्ड यांच्यात फरक आहे आणि एवढं काही नव्याने करावं लागत असेल तर ते कन्व्हर्जन राहत नाही. तेव्हापासून प्रत्येक कौन्सिल बार्नच्या अर्जाबरोबर इंजिनिअरचा रिपोर्ट बारकाईने वाचते, आणि त्यात त्यांना एकच गोष्ट शोधायची असते, ही इमारत मोठ्या प्रमाणावर पाडापाडी न करता घर होऊ शकते का. तुमच्या बिल्डरचं ‘पाडून नवीन बांधू’ हे वाक्य एखाद्या ईमेलमध्ये किंवा कोटेशनमध्ये लिहून आलं आणि ते अर्जाबरोबर गेलं, तर तुम्हीच स्वतःच्या हाताने नकार लिहून दिल्यासारखं होईल.

जावयांनी कदाचित क्लास क्यू हा शब्द ऐकला असेल, तिथे राहणाऱ्या आपल्या लोकांमध्ये तो बराच फिरतो. शेतीच्या इमारतीला पूर्ण प्लॅनिंग परमिशनशिवाय, फक्त कौन्सिलची आधी संमती घेऊन घर करायची ती सवलत आहे, २०१४ पासून आली, २०२४ च्या मे महिन्यात अजून सैल केली, आता एका शेतीवर १० घरांपर्यंत आणि प्रत्येक घर १५० चौरस मीटरपर्यंत करता येतं, आणि कौन्सिलला ५६ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ऐकायला फार छान आहे. पण ती तुम्हाला लागू होण्याची शक्यता फार कमी आहे आणि त्याचं कारण घराचं लिस्टिंग. इमारत लिस्टेड असली की तिच्या आवारातली, १ जुलै १९४८ च्या आधीपासून तिथे असलेली बांधकामंही लिस्टेडमध्येच धरली जातात, मग यादीत त्यांचं वेगळं नाव असो नसो. आवार कुठपर्यंत हे मालकी, वापर आणि मांडणी बघून ठरतं आणि त्यावर वाद होतात, पण तुम्ही पाठवलेल्या फोटोत फार्महाउस, मधलं फरसबंद अंगण आणि समोर बार्न असं सगळं एकाच मालकाचं दिसतंय, तर मी ते लिस्टेडच आहे असं धरून चालीन. लिस्टेड इमारतीला क्लास क्यू नाही. म्हणजे तुम्हाला दोन परवानग्या लागणार, पूर्ण प्लॅनिंग परमिशन आणि शिवाय लिस्टेड बिल्डिंग कन्सेन्ट. दुसरीला फी नसते, पण त्यामुळे ती किरकोळ आहे असं समजू नका. कन्सेन्टशिवाय लिस्टेड इमारत पाडणं किंवा तिचं रूप बिघडेल असा बदल करणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. म्हणून म्हटलं एक दगडसुद्धा नको.

आपल्या डोक्यात कुठेतरी असतं की आधी करून टाकू, मग दंड भरून नियमित करून घेऊ, गुंठेवारीसारखं. तिथे साध्या बांधकामाला नंतर अर्ज करता येतो आणि दहा वर्षं कोणी कारवाई केली नाही तर ते सुटतंही, पण लिस्टेडला अशी मुदतच नाही. आणि यातली वाईट गोष्ट म्हणजे आधीच्या मालकाने केलेलंही नव्या मालकाच्या गळ्यात येतं, गुन्हा त्याचा राहतो पण दुरुस्त करायची नोटीस तुमच्या मुलीला येणार. तर फार्महाउसच्या खिडक्या नीट बघायला सांगा. मला फोटोत मागच्या बाजूच्या दोन खिडक्या प्लॅस्टिकच्या वाटतायत. त्या कधी बसवल्या, कन्सेन्ट होता का, हे सॉलिसिटरने, म्हणजे खरेदीचे कागद बघणाऱ्या वकिलाने, विकणाऱ्याला लेखी विचारलं पाहिजे.

प्लॅनिंग, लिस्टेड कन्सेन्ट आणि यावर तिसरं म्हणजे बिल्डिंग रेग्युलेशन्स. हे वेगळं खातं, तिथे कोणी घर कसं दिसतं ते बघत नाही, भार, आग, वीज, इन्सुलेशन हे बघतात. प्लॅनिंग मिळालं म्हणजे हे मिळालं असं नाही. आणि प्लॅनिंगच्या पत्रात खाली अटींची रांग असते, त्यातल्या काहींवर लिहिलेलं असतं की काम सुरू करण्यापूर्वी पूर्ण करा. त्या अटी लेखी मान्य करून न घेता डिगर घातलं की सगळी परवानगीच धोक्यात येते. परवानगी साधारण तीन वर्षं जिवंत असते, त्यात काम सुरू व्हावं लागतं. कागदोपत्री निर्णयाची मुदत आठ आठवडे आहे. प्रत्यक्षात माझ्या हातून गेलेल्या लिस्टेड बार्नपैकी एकही वर्षाच्या आत हातात आलं नाही, आणि याचं मोठं कारण सांगतो, वटवाघळं.

हसू नका काका, मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मलाही पटलं नव्हतं. ब्रिटनमधल्या झाडून सगळ्या वटवाघळांना आणि त्यांच्या राहायच्या जागांना कायद्याचं संरक्षण आहे, आणि जुन्या बार्नच्या कौलांखाली, दगडांच्या फटीत ती हटकून असतात. आधी एक माणूस येऊन आतून-बाहेरून बघतो, ते वर्षात कधीही करता येतं, पण त्याला काही सापडलं तर मग संध्याकाळी बाहेर बसून किती बाहेर पडतात ते मोजायचं असतं आणि ते फक्त मे ते सप्टेंबरमध्ये. हा हंगाम हुकला तर पुढच्या मेपर्यंत अर्ज तसाच पडून. गव्हाणी घुबडाचंही तसंच, त्याचं घरटं चालू असेल तर त्याला त्रास होईल असं काही करता येत नाही. तर घर घ्यायचं पक्कं झालं की पहिला फोन आर्किटेक्टला न करता या वटवाघळं बघणाऱ्या माणसाला करा.

आता भिंत. मला तुमच्या फोटोंत सगळ्यात जास्त इंटरेस्ट तिच्यातच आहे.

ही भिंत बाहेरून बघताना एकसंध दीड-दोन फूट जाडीचा दगड वाटतो. तशी ती नसते. बाहेर एक दगडांची पाळ, आत एक पाळ, आणि दोघींच्या मध्ये बारीक दगड, माती आणि थोडा चुना यांची भर. मध्ये-मध्ये भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घातलेले असले तर या दोन पाळी एकमेकींना धरून राहतात, नसले तर त्या शेजारीशेजारी उभ्या असलेल्या दोन पातळ भिंती आहेत. हे मी पहिल्यांदा शिकलो ते इंग्लंडात नाही. १९९३ साली कॉलेजमधून नुकताच बाहेर पडलो होतो, ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि दोन आठवड्यांनी आमच्या सरांबरोबर तिकडे गेलो. दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, माणसं म्हणायची एवढी जाड भिंत पडलीच कशी. आम्ही बघितलं तर बहुतेक ठिकाणी त्या मधून उभ्या फाटलेल्या, एक पाळ बाहेर पडलेली, दुसरी घरावर. ते चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. तिथे हेरिफर्डशरमध्ये भूकंपाची भीती नाही, पण तेच काम पाणी करतं, फक्त सावकाश.

तुमच्या फोटोत पूर्व भिंतीच्या वर पन्हळ तुटलेली आहे आणि त्याच्या बरोबर खाली हिरवा ओघळ आहे. म्हणजे कित्येक वर्षं छपराचं पाणी भिंतीच्या डोक्यातून आत जातंय. त्याने मधल्या भरीतला चुना धुपतो, भर सुटी होते, खाली बसते, आणि खाली बसताना पाचरीसारखी बाहेरच्या पाळीला ढकलते. फुगवटा जमिनीपासून साधारण कंबरेच्या वर, मधोमध आहे ना, तिथेच तो येतो. जावयांना सांगा की एक छोटा हातोडा घेऊन फुगलेल्या भागावर आणि मग शेजारच्या सरळ भागावर हलकेच वाजवून बघा. सरळ भाग टणक वाजेल. फुगलेला भाग जर पोकळ, बद्द वाजला तर पाळ भरीपासून सुटलीय. नुसतं वाजवायचं, ठोकायचं नाही.

पण एवढंच कारण असेल असं मी फोटोवरून म्हणणार नाही, कारण दुसरा फोटो, आतला, तो मला जास्त छळतोय. त्यात ओकच्या लाकडाची कैची, म्हणजे छप्पर पेलणारी तिकोनी चौकट, दिसतेय, आणि तिची खालची आडवी तुळई मधूनच कापलेली आहे. कोणीतरी कधीतरी माळ्यावरून वाकून जायला नको म्हणून कापली असणार, हे फार ठिकाणी केलेलं असतं. ती तुळई म्हणजे कैचीच्या दोन पायांना बांधणारा दोर आहे हो, ती कापली की दोन्ही पाय बाहेर सरकायला बघतात आणि भिंतीच्या डोक्याला ढकलतात. तेव्हा ओळंबा लावून बघायचं, भिंतीच्या वरून दोरीला वजन बांधून खाली सोडायचं आणि दर फुटाला दोरी आणि भिंत यांच्यातलं अंतर लिहून काढायचं. फक्त मधलं पोट बाहेर असेल तर पाण्याचं काम. डोकंच बाहेर झुकलं असेल तर छप्पर ढकलतंय. दोन्ही असेल तर दोन्ही. कारण न शोधता भिंत पाडून नवीन बांधली तर तेच छप्पर नव्या भिंतीलाही ढकलत बसणार.

आणि झुकली म्हणजे पडणार असंही नाही, हे मुद्दाम सांगतो कारण तिथे घाबरवणारेही भरपूर भेटतात. वरून येणाऱ्या वजनाची रेघ भिंतीच्या जाडीच्या मधल्या एक-तृतीयांश भागातून जात असेल तोवर सगळी जाडी दाबाखाली राहते आणि भिंत निवांत असते. दोनशे वर्षं चार इंच झुकून उभी असलेली भिंत मी बघितलीय. प्रश्न असतो की ती अजून हलतेय का. त्यासाठी भेगेवर मोजपट्टी चिकटवतात आणि महिन्या-महिन्याने वाचतात, शक्यतो एक उन्हाळा आणि एक हिवाळा त्यात यावा. हेरिफर्डशरमध्ये बऱ्याच ठिकाणी खाली चिकणमाती असते, ती आपल्या काळ्या मातीसारखी ओलीत फुगते आणि कोरडीत आकसते, एवढी वाईट नाही पण जात तीच, आणि जवळ मोठा ओक किंवा विलो असेल तर तो पाणी ओढतो. १९७६ च्या दुष्काळी उन्हाळ्यात तिथे घरंच्या घरं अशी तडकली होती. तर बार्नपासून झाडं किती लांब आहेत तेही मोजून पाठवायला सांगा, आणि कोणी मोठं झाड एकदम तोडू नका, मग माती परत पाणी धरून फुगते.

दुरुस्ती कशी करतात हे सांगतो, म्हणजे पाडणं आणि सांभाळणं यात फरक काय ते कळेल. आधी छपराला आतून टेकू, कैचीचा भार भिंतीवरून काढून घ्यायचा. कापलेल्या तुळईच्या जागी स्टीलचा रॉड किंवा नवा ओकचा तुकडा, म्हणजे ढकलणं थांबलं. मग पन्हळ आणि छपराची कड दुरुस्त, म्हणजे पाणी थांबलं. मग फुगवट्याचा जेवढा भाग खरोखर सुटलाय तेवढाच, एका वेळी मीटर-दीड मीटर, दगडांना खडूने नंबर घालून, फोटो काढून उतरवायचा, भर साफ करून चुन्यात पुन्हा तेच दगड त्याच जागी बसवायचे, आणि मध्ये स्टेनलेस स्टीलच्या कांबी घालून दोन पाळी शिवायच्या. हे सगळं ड्रॉइंगवर रंगाने दाखवायचं, काळं म्हणजे जे तसंच राहतंय, लाल म्हणजे जे उतरवून परत बांधतोय. मी केलेल्या एका रिपोर्टमध्ये लाल भाग सगळ्या भिंतींच्या बाराव्या हिश्श्याइतका निघाला, प्लॅनिंगवाल्या बाईंनी ते ड्रॉइंग टेबलावर पसरलं, दोन मिनिटं बघितलं आणि स्ट्रक्चरबद्दल एकही प्रश्न विचारला नाही.

आणि सिमेंट नको. याबद्दल मला खरंच कळवळून सांगायचंय. तिथला दगड लालसर वालुकाश्म, मऊ. त्याच्यात ओल जाते आणि चुन्याच्या दरजांमधून बाहेर पडते, ती भिंत तशी श्वास घेत असते. दरजा सिमेंटने भरल्या की ओलीला बाहेर पडायला फक्त दगड उरतो, थंडीत ते पाणी दगडाच्या तोंडाशी गोठतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात, काही वर्षांनी दगड आत गेलेला आणि सिमेंटची जाळी बाहेर उभी असं विचित्र दिसतं. आमच्या आजोबांचा वाडा सासवडला होता, पांढऱ्या मातीच्या भिंती, खालून दगड. ८९ साली आमच्या एका काकांनी हौसेने बाहेरून सगळा सिमेंटचा गिलावा केला, किती छान दिसतंय म्हणून सगळ्यांना दाखवला. चार पावसाळे गेले आणि एक दिवस मधल्या खणाजवळ गिलावा नुसता हाताने ओढला तर पाटासारखा सुटून आला आणि मागे मातीचा लगदा, बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. ती भिंत शंभर वर्षं कोरडी होती. म्हणून तिथे कोणी ‘डॅम्प’साठी भिंतीला भोकं पाडून केमिकल भरतो म्हणाला तर आधी बाहेरची माती खाली घ्या, वर्षानुवर्षं शेणमाती साचून जमीन आतल्या फरशीपेक्षा वर आलेली असते, पन्हळी दुरुस्त करा, आणि एक वर्ष थांबा. चुन्याचं काम थंडीत होत नाही, गोठलं की भुगा होतो, म्हणून गवंड्याचा हंगाम साधारण एप्रिल ते सप्टेंबर, तोही वटवाघळांच्या हंगामाशी जुळवून धरायचा.

लाकडात छोटी भोकं दिसतील, त्याने हबकून जाऊ नका, बरीचशी जुनी आणि मेलेल्या किड्यांची असतात. बघायचं ते तुळईचं टोक, जिथे ती भिंतीत शिरते. तिथे ओलीचं मीटर वीस टक्क्यांच्या वर दाखवत असेल तर आत कूज असू शकते, स्क्रूड्रायव्हर टोचून बघायचा. छपराला सिमेंटचे पन्हळी पत्रे असतील तर ते ॲस्बेस्टॉसचे धरून चाला, ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, त्याआधीचे शेतावरचे बहुतेक पत्रे तसले. कोणी फोडू नका. आणि सांडपाण्याची टाकी कुठे सुटते ते विचारा, सेप्टिक टँक थेट ओढ्यात सोडणं तिथे २०२० पासून बंद आहे, नवीन प्लांटचा खर्च किमतीतून कमी करून मागता येतो.

पैशांचं तुम्ही विचारलं नाहीत पण फोनवर काकू म्हणाल्या की खरेदीत तुमचंही नाव घालायचंय. ते करू नका, किंवा करण्याआधी तिथल्या सॉलिसिटरला नक्की विचारा. इंग्लंडात घर घेताना खरेदीदारांपैकी एकाच्याही नावावर जगात कुठेही दुसरं घर असेल तर स्टॅम्प ड्यूटीवर ५ टक्के जादा लागतो, तुमचा कोथरूडचा फ्लॅट त्यात धरला जातो. शिवाय तुम्ही तिथले रहिवासी नाही म्हणून आणखी २ टक्के. ४ लाख पौंडांच्या घरावर हे २८ हजार पौंड होतात, तेवढ्यात तुमची सगळी भिंत दुरुस्त होईल. त्यापेक्षा मुलीला गिफ्ट द्या. एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, प्रत्येकी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, १० लाख रुपयांच्या वर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते, तो रिटर्नमध्ये वळता होतो पण तोवर पैसे अडकतात, तर सीएशी बोलून मार्चच्या अलीकडे-पलीकडे दोन वर्षांत विभागा.

आणखी एक, बार्न तुमच्यासाठी ॲनेक्स, म्हणजे मुख्य घराचाच जोडभाग, म्हणून मागायचं की स्वतंत्र घर म्हणून, हे अर्जाआधी ठरवा. ॲनेक्स म्हटलं तर कौन्सिलला पटवणं सहसा सोपं जातं, पण मग अट येते की ते मुख्य घरापासून वेगळं विकता किंवा वेगळं वापरता येणार नाही, आणि त्या अटीमुळे कन्व्हर्जनच्या कामावरचा ५ टक्के व्हॅट हातचा जाऊन २० टक्के लागू शकतो. मोठ्या कामात हा फरक लहान नाही.

आत्ता हातात वेळ आहे ती एक्सचेंजच्या आधीची. तिथे ऑफर मान्य झाली म्हणजे काही बांधील नसतं, एक्सचेंज ऑफ कॉन्ट्रॅक्ट्स म्हणजे आपलं साठेखत, त्यावेळी साधारण १० टक्के द्यावे लागतात आणि मग मागे फिरता येत नाही. तोवर दोघांनाही मोकळीक आहे. बँकेचं व्हॅल्युएशन झालंय म्हणून सर्व्हे झाला असं धरू नका, त्या माणसाने भिंतीकडे बघितलेलंही नसतं. आरआयसीएस या तिथल्या सर्व्हेअरांच्या संस्थेचा लेव्हल थ्री, म्हणजे सगळ्यात सखोल, सर्व्हे चांगला असतो पण तोही शेवटी लिहितो की भिंतीसाठी इंजिनिअरचा सल्ला घ्या, तर सरळ इंजिनिअरच घ्या, चार्टर्ड, आणि शक्यतो जुन्या इमारतींचं कन्झर्व्हेशन ॲक्रेडिटेशन असलेला. त्याला ‘भिंत बघा’ असं सांगू नका. लेखी विचारा की ही इमारत मोठी पुनर्बांधणी न करता घर होऊ शकते का, कुठला भाग ठेवायचा आणि कुठला उतरवायचा ते ड्रॉइंगवर दाखवा, आणि भिंतीच्या पायाशी आत-बाहेर एकेक लहान खड्डा घेऊन ती कशावर उभी आहे ते बघा. खड्ड्याला विकणाऱ्याची परवानगी लागेल, मागा. तो नाही म्हणाला तर त्याचाही अर्थ काढा.

जावयांना म्हणावं या शनिवारी ओळंबा घेऊन जा, पूर्व भिंतीला तीन ठिकाणी लावा, दोन्ही कोपरे आणि मध्ये, आणि आकडे वहीत लिहून वहीचाच फोटो पाठवा. आतल्या कापलेल्या तुळईचा जवळून एक फोटो हवा, कापलेलं तोंड ताजं पिवळसर आहे की बाकीच्या लाकडाइतकंच काळं, ते मला बघायचंय. काळं असेल तर छप्पर तसं कित्येक वर्षं उभं आहे आणि आपल्याला थोडी उसंत आहे. पिवळं असेल तर मला रात्री कितीही वाजता फोन करा, आणि तोवर त्या भिंतीखाली कोणी उभं राहू नका.